पिना जुळल्या म्हणून वीज जुळत नाही

दिलीपने ॲडॉप्टरची पिशवी कट्ट्यावर ठेवली तेव्हाच आज वाद होणार हे ठरून गेले, कारण शुभांगी त्याच्या आधी येऊन बसली होती. पिशवी मखमली होती, तिला सोनेरी दोरी होती आणि आत मुठीत जेमतेम मावेल असा वजनदार काळा ठोकळा होता, ज्याच्या एका तोंडात विजेच्या गाड्या चार्ज करणारी टेस्लाच्या पद्धतीची गन बसते आणि दुसरे तोंड सीसीएसच्या, म्हणजे वेगवान चार्जिंगच्या दुसऱ्या पद्धतीच्या गाडीत जाते. बाहेरचे, म्हणजे आम्ही न दिलेले ॲडॉप्टर वापरू नका, ही गाडी कंपन्यांची ताकीद सगळ्यांनी वाचलेली होती. ती कशी खोटी आहे हे सिद्ध करण्यासाठीच दिलीप पुराव्यानिशी आला होता.

"वाचा, वाचा, काय लिहिले आहे ते. ५०० ॲम्पियर, १००० व्होल्ट. म्हणजे ५०० किलोवॉट! माझी गाडी त्याच्या निम्मीसुद्धा घेत नाही. कंपन्यांना आपलाच माल खपवायचा आहे, म्हणून ही सगळी घबराट."

"दोन आकड्यांचा गुणाकार छापायला शाई पुरते, दिल्या. तांबे लागत नाही," शुभांगी म्हणाली.

शुभांगीने वीस वर्षे कारखान्यांच्या पॅनेल बोर्डांची कामे केली आहेत, आणि इतर लोक दुखण्यांची नावे ज्या आवाजात घेतात त्या आवाजात ती 'लूज कनेक्शन' हे शब्द उच्चारते. तिचे म्हणणे सरळ होते. गन थेट गाडीत बसते तेव्हा धन आणि ऋण अशा प्रत्येक पिनेवर एकच सांधा असतो. ॲडॉप्टर आला की सांधे दोन होतात. सांध्याचा रोध अगदी थोडा, एका ओहमचा दहा हजारावा भाग किंवा त्याच्या दुप्पट असतो, म्हणून कोणी त्याची दखल घेत नाही. मात्र त्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते.

"०.२ मिलिओहमचा सांधा धर. १०० ॲम्पियरला दोन वॉट. ४०० ॲम्पियरला किती?"

दिलीप म्हणाला, "चौपट, म्हणजे आठ."

"सोळा पट. बत्तीस वॉट. एवढ्या वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळते, आणि इथे तो प्लॅस्टिकच्या बंद डबीत अर्धा तास पेटता ठेवलेला असतो. तोही एक नव्हे, दोन्ही पिनांना एकेक. स्प्रिंग जरा सैल झाली, चांदीचा मुलामा घासला गेला, की रोध वाढतो. रोध वाढला की तापतो, तापला की स्प्रिंग आणखी मऊ पडते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप उलटे फिरत नाही."

यावर नानांनी योग्य शंका काढली की, एवढे तापत असेल तर चार्जर थांबत का नाही. नाना आमच्यातले सर्वांत वडील, आणि दिलीप अडचणीत येतो तेव्हा त्यांच्या शंका विशेष योग्य असतात. शुभांगीने सांगितले की तापमापक गनमध्ये असतो आणि गाडीच्या सॉकेटमध्ये असतो, मधला ठोकळा मात्र दोघांच्याही नजरेआड राहतो. त्याची धग त्यांच्यापर्यंत पोचते, पण उशिरा आणि सौम्य होऊन. म्हणूनच चांगल्या ॲडॉप्टरच्या पोटात स्वतःचा तापमापक बसवतात, जो मर्यादा ओलांडताच सिग्नलच्या तारेवाटे गाडीला प्रवाह थांबवायला लावतो.

"माझ्यातही आहे. जाहिरातीत लिहिले आहे," दिलीपने ठणकावले.

"उघडून पाहिलास?"

"उघडला तर वॉरंटी जाते ना."

"जाते कुठे? आली होती का?"

इथे दिलीपने ठेवणीतले अस्त्र काढले आणि, खरे सांगायचे तर, ते बोथट नव्हते. फोर्डने ग्राहकांना जो ॲडॉप्टर स्वतःच पाठवला होता, तोच वापरू नका, परत करा, असे फोर्डला ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगावे लागले होते. मग कंपनीचा माल धुतल्या तांदळासारखा आणि बाहेरचा तेवढा काळाबेरा, हे कसे काय?

मला वाटले, आता शुभांगी अडणार. ती उलट खूश झाली.

"बरोबर बोललास. कंपनीचे नाव छापल्याने पीन थंड राहत नाही, हेच मी सांगते आहे. पण फोर्डने तेव्हा काय कारण दिले होते? चार्जिंगचा वेग कालांतराने कमी होऊ शकतो आणि गाडीच्या सॉकेटला इजा होऊ शकते. त्यांच्याकडे प्रत्येक ग्राहकाचा पत्ता होता, म्हणून त्यांना पत्र पाठवता आले. तुझ्या विक्रेत्याकडेही तुझा पत्ता असेल. त्याचा पत्ता तुझ्याकडे आहे का?"

दिलीपने पिशवी उलटी करून पाहिली. आत एक घडीचा कागद होता, त्यावर 'आनंदी प्रवासाच्या शुभेच्छा' होत्या.

शुभांगीचे बाहेरच्या सगळ्याच ॲडॉप्टरांशी वैर आहे असे मात्र नाही, आणि हे इथे नोंदवले पाहिजे, कारण दिलीप बाहेर जाऊन ती गाडी कंपन्यांची हस्तक असल्याचे सांगत फिरतो. यूएल या अमेरिकी सुरक्षा-तपासणी संस्थेचे यूएल २२५२ हे मानक खास विजेच्या गाड्यांच्या ॲडॉप्टरांसाठीच आहे, त्यानुसार तपासून घेतलेले बाहेरचे ॲडॉप्टर मिळतात, आणि ते तपासलेले आहेत की नुसते तसे म्हणवतात, हे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या यादीत पाहता येते. दिलीपच्या ठोकळ्यावर सीईची, म्हणजे युरोपचे नियम पाळल्याची, खूण होती. ती उत्पादक बहुतेक वेळा स्वतःच्याच ग्वाहीवर लावतो, हे कळल्यावर नाना म्हणाले, "म्हणजे दिलीपचे चारित्र्याचे प्रमाणपत्र दिलीपच्याच सहीचे."

मग नानांच्या ॲम्प्लिफायरचा विषय निघाला. तो निघतोच. बारा वर्षांपूर्वी दिलीपने नानांचा ११० व्होल्टचा ॲम्प्लिफायर, पिनांचे आकार जुळवणारा एक छोटा ॲडॉप्टर लावून, २३० व्होल्टच्या सॉकेटात खुपसला होता. पिना झकास बसल्या होत्या. ॲम्प्लिफायरमधून आधी एक सूर आला आणि मग धूर.

या दुखऱ्या आठवणीतून शुभांगीने कामाचा मुद्दा उचलला. टेस्लाची नवी पद्धत आणि सीसीएस एकाच भाषेत बोलतात, म्हणून त्यांच्यातला ॲडॉप्टर म्हणजे मुख्यतः तांबे आणि प्लॅस्टिक. शाडेमो या जपानी चार्जिंग पद्धतीचे तसे नाही. ती पद्धत कॅन बसवर, म्हणजे गाड्यांच्या आतली यंत्रे ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात तशा तारांवर बोलते, तर सीसीएस पायलटच्या, म्हणजे सिग्नलच्या, तारेवरून वेगळ्याच रीतीने. त्यामुळे त्या दोघांमधल्या ॲडॉप्टरमध्ये दुभाषा म्हणून चक्क एक छोटा संगणक बसवावा लागतो, त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे लागते आणि काहींच्या आतली बॅटरी तर वेगळी चार्ज करावी लागते. दुभाष्याने चुकीचे भाषांतर केले तर काय होते, हे नानांना कोणी सांगायला नको.

"पण मी मध्येच बटण दाबून गन ओढून पाहिली आहे, ठिणगीसुद्धा पडली नाही," दिलीप म्हणाला, आणि शुभांगीने दोन्ही हातांनी डोके धरले.

गनमधली पायलटची पीन मुद्दाम आखूड ठेवलेली असते, म्हणजे ती सर्वांत आधी सुटते आणि मोठ्या पिना विलग होण्याआधी प्रवाह बंद पडतो. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे पेटलेली ठिणगी विझायला वाव मिळतो. वेगवान चार्जिंगच्या डीसीमध्ये तो शून्यावर येतच नाही आणि ठिणगीचा सरळ जाळ होऊन राहतो. गाडी ॲडॉप्टरला आपल्या सॉकेटात कुलूप लावते, पण ॲडॉप्टरमध्ये शिरलेल्या गनला कुलूप कोण लावणार, हे ॲडॉप्टर बनवणाऱ्यावर अवलंबून असते. "ती आखूड पीन कोणीतरी मोजून आखूड ठेवली म्हणून तू आज इथे बसला आहेस. हा प्रयोग पुन्हा करू नकोस," ती म्हणाली. त्या संध्याकाळी ती चिडली ती एवढ्या एकाच वाक्यात.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग दिलीप, विषय बदलल्याचा आव आणून, म्हणाला की हल्ली चार्जिंग स्टेशनेच बिघडलेली असतात. परवा १४० किलोवॉटने सुरू झालेले चार्जिंग दहा मिनिटांत ६० वर आले.

"गाडी किती टक्के भरली होती?"

"तीस."

भरत आलेली बॅटरी वेग कमी करते हे सगळ्यांना माहीत आहे, पण तीस टक्क्यांना एवढी घसरण नेहमीची नव्हे. शुभांगीने ठोकळा हातात घेतला, मोबाइलचा दिवा लावला आणि आत पाहिले. नंतर तिने तो नाकाशी नेला आणि मुकाट्याने माझ्याकडे दिला. आतल्या दोन जाड पिनांपैकी एक चांदीसारखी स्वच्छ होती. दुसरीच्या मुळाशी तपकिरी कडे उमटले होते, तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक किंचित पिवळे पडून फुगले होते, आणि इस्त्री जास्त तापल्यावर येतो तसा वास येत होता.

दिलीपने तो परत घेतला, पिशवीत घातला, दोरी ओढली, पुन्हा सैल केली. "पण या मालाला एवढे चांगले अभिप्राय कसे?" असे म्हणून त्याने मोबाइल पुढे केला. शुभांगी सर्वांत वरचा अभिप्राय मोठ्याने वाचू लागली. "पाच तारे. अत्यंत सुरक्षित व विश्वासार्ह. मखमली पिशवी फारच सुंदर. उद्या वापरून पाहणार आहे." ती थांबली. "खाली नाव तुझे आहे, दिल्या."

त्यानंतर दहा मिनिटे कोणालाच नीट बोलता येईना. दिलीप स्वतःही हसत होता, पण त्याचा अंगठा अभिप्राय पुसायचे बटण शोधत होता.

"राहू दे, पुसू नकोस," डोळे टिपत नाना म्हणाले. "माझ्या ॲम्प्लिफायरबद्दलही तिथेच दोन ओळी लिही. त्याला पिशवी नव्हती, तेव्हा चार तारे दिलेस तरी चालेल."