टीटीचा बॉल दिसत नाही म्हणून आणखी चार लाइट? थांबा जरा

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये टीटी, म्हणजे टेबल टेनिस, खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, बहुतेकांकडे आलाच असेल. सार एवढंच: बॉल नीट दिसत नसेल तर जास्त वॅटचे लाइट लावा, केशरी बॉल घ्या, बॉल बॅटला लागेपर्यंत नजर हलवू नका, पिवळा चष्मा घाला, आणि शेवटी टोमणा की चांगल्या प्लेअरला बॉल कुठेही दिसतो, बाकीच्यांचे नुसते बहाणे. यातलं काही साफ चूक आहे, काही अर्धवट, आणि लोक त्यावर कमिटीचे पैसे घालायला निघालेत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"जास्त वॅटचे लाइट लावा." हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला. आपले हॉल कसे असतात बघा ना, पांढऱ्या भिंती, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला स्लाइडिंग खिडक्या आणि टेबलच्या बरोबर डोक्यावर एक-दोन पॅनल लाइट. समोरच्याने पांढऱ्या भिंतीसमोरून पांढरा बॉल मारला की तो निघताना दिसतच नाही, नेटपाशी आल्यावर एकदम उगवतो. तिथे लाइट दुप्पट केलात तर बॉल उजळतो आणि मागची भिंतही तेवढीच उजळते, फरक शून्य, वर टाइल्सची तिरीप डोळ्यात जाते ती वेगळीच. क्रिकेटमध्ये लाल बॉलला पांढरी साइटस्क्रीन आणि पांढऱ्या बॉलला काळी का लावतात, ते इथे एकदम विसरतो आपण. वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि ऑलिंपिकच्या नियमात टेबलवर भरपूर उजेड लागतो हे खरं, पण फॉरवर्डवाले तेवढंच सांगतात. त्याच नियमात पुढे आहे की बाकीच्या खेळायच्या जागेतही पुरेसा उजेड हवा, मागची बाजू गडद हवी, उघड्या खिडकीतून ऊन यायला नको, जमीन फिक्या रंगाची किंवा चकाकणारी नको, आणि लाइट जमिनीपासून ५ मीटर वर हवेत. ५ मीटर आपल्या क्लबहाऊसला जमणार नाही, सोडून द्या, पण बाकीचं जमतं. टेबल झगझगीत आणि मागे दोन मीटरवर अंधार असेल तर मागे सरकून लूप (भरपूर टॉपस्पिनचा फटका) मारणाऱ्याचा बॉल उजेडातून अंधारात आणि परत उजेडात येतो, डोळ्यांनी काय करावं मग? म्हणून लाइट टेबलच्या डोक्यावर नको, दोन्ही लांब बाजूंना, टेबलच्या बाहेर, टेबलला समांतर आणि दुधी कव्हरचे हवेत, म्हणजे उंच टॉसची सर्व्ह किंवा लॉब (उंच उडवून परत दिलेला बॉल) बघताना थेट दिव्यात बघावं लागत नाही.

आणि दोन्ही टोकांच्या भिंतींना गडद निळा किंवा हिरवा मॅट रंग द्या, तेही नको असेल तर जाड गडद कापड टांगा. सगळी भिंत नको, टेबलच्या खालपासून उभ्या माणसाच्या डोक्याच्या थोडं वरपर्यंत पुरे. खिडकी खेळाडूच्या पाठीमागे येत असेल तर एकतर जाड पडदा नाहीतर टेबल फिरवून खिडकी बाजूला घ्या. संध्याकाळी पाचला पश्चिमेचं ऊन समोरून आलं की पांढरा बॉलसुद्धा काळा ठिपका दिसतो, तेव्हा कुठलाही लाइट कामाचा नाही.

लाइटचाच अजून एक प्रकार, ज्याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. जुन्या चोकवाल्या ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. साध्या नजरेला कळत नाही, पण सेकंदाला १५ मीटरने जाणारा बॉल (आणि हा काही फार मोठा स्मॅश नव्हे) अशा एका चढ-उतारात, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, १५ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, त्यामुळे एका बॉलऐवजी बॉलची तुटक माळ दिसते. चेक करायचं तर लाइटखाली पेन जोरात हलवा, सलग पुसट पट्टा दिसण्याऐवजी सुटी सुटी पेनं दिसली तर लाइट बदला, वॅट वाढवू नका!

"केशरी बॉल घ्या." नियमात पांढरा आणि केशरी दोन्ही चालतात, आणि पांढऱ्या भिंतीसमोर केशरी खरंच बरा, हे मान्य. पण मागे लाकडी पॅनेलिंग, विटकरी रंग किंवा मरून पडदे असतील तर तोच केशरी गायब होतो. ज्यांना लाल-हिरव्यात गोंधळ होतो त्यांना हिरव्या टेबलवर तर आणखी त्रास. आधी भिंत बघा मग बॉल घ्या. आणि बॉल अधूनमधून ओल्या फडक्याने पुसत जा हो, वापरून वापरून गुळगुळीत करडा झालेला बॉल कुठल्याच भिंतीसमोर दिसणार नाही.

"बॉल बॅटला लागेपर्यंत बघा." कोच हे सांगतात ते डोकं स्थिर राहावं म्हणून, तेवढ्यापुरतं ठीक. पण जोरात येणारा बॉल अगदी शेवटी नजरेला पकडताच येत नाही, चांगले प्लेअर समोरच्याच्या बॅटवरचा टच, सुरुवातीची दिशा आणि टप्पा बघून पुढचा अंदाज बांधतात. म्हणजे खरी गरज आहे ती बॉल तिकडून निघताना दिसण्याची, आणि म्हणून परत त्याच भिंतीपाशी येतो मी.

"पिवळा चष्मा घाला." पिवळी काच उजेड अडवते, वाढवत नाही. आधीच मंद असलेल्या हॉलमध्ये हे कशाला? चाळिशी लागलेल्यांचा खरा घोटाळा वेगळाच असतो, प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा. त्याचा खालचा भाग पुस्तकाच्या अंतराचा, आणि टीटीत आपण खालीच बघतो, पण बॉल असतो एक ते तीन मीटरवर. मग कडा धूसर, टप्पा चुकल्यासारखा वाटतो. खेळायला एकाच नंबरचा वेगळा चष्मा करा, डॉक्टरांना अंतर सांगून. साठीच्या पुढच्या काकांना लाइटभोवती वलयं दिसत असतील तर मोतीबिंदू तपासून घ्या, क्लबहाऊसला दोष देण्याआधी.

राहिला टोमणा. चांगल्या प्लेअरला कुठेही दिसतो म्हणे. मग टेबल गडद आणि मॅटच हवं, शर्टाचा मुख्य रंग बॉलपेक्षा स्पष्ट वेगळा हवा, हे नियम कुणासाठी केलेत, आपल्यासाठी? २००० साली बॉल ३८ चा ४० मिलिमीटर केला, खेळाचा वेग कमी व्हावा आणि टीव्हीवर बॉल नीट दिसावा म्हणून. सर्व्ह करताना बॉल अंगाआड लपवायला २००२ पासून बंदी आली, कारण समोरच्याला तो दिसला पाहिजे. आणि टॉस जिंकणारा सर्व्हऐवजी बाजूही मागू शकतो, दर गेमनंतर बाजू बदलतात, शेवटच्या गेमला तर ५ पॉइंट झाले की मध्येच बदलतात. दोन्हीकडून बॉल सारखाच दिसत असता तर एवढा खटाटोप कुणी केला असता का?