'इतिहास जेते लिहितात' म्हणे! अमेरिकेचं सिव्हिल वॉर, हॉलिवूड आणि आमच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड

बाबांनी परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. "हॉलिवूडने दडपलेलं अमेरिकन सिव्हिल वॉरचं सत्य", सात मुद्दे, प्रत्येकापुढे लाल बोट, आणि शेवटी "डोळे उघडा, पुढे पाठवा". (सिव्हिल वॉर म्हणजे 1861 ते 65 चं यादवी युद्ध, गुलाम ठेवणारी दक्षिणेची राज्यं देशातून फुटली, उत्तरेशी लढली आणि हरली.) एरवी मी असलं काही वाचत पण नाही. पण त्या ग्रुपवर माझी भाची आहे, अटलांटाजवळ शाळेत जाते, मराठी धड वाचता येत नाही म्हणून तिने फोनवर भाषांतर करून वाचलं आणि मला विचारलं, "आत्या, आजोबांना खरंच वाटतं का की गुलाम लोक हॅपी होते?" तिच्या वर्गात निम्मी मुलं ब्लॅक आहेत. आता मी काय सांगू तिला? बाबांना तोंडावर उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे लिहून काढतेय, आणि हा फॉरवर्ड तुमच्याही काकामामांनी पाठवला असणारच, तर घ्या, वापरा.

मुद्दे त्यांच्या क्रमाने घेणार नाही, कारण सगळ्यात भयंकर तिसरा आहे. त्यात म्हटलंय, "गुलामांना मालक घरच्यासारखं वागवत, ते आनंदात होते, विश्वास नसेल तर 'गॉन विथ द विंड' बघा, त्यातली मॅमी मालकिणीला सोडून जाते का?"

म्हणजे पुरावा काय, तर सिनेमा. 1939 चा. मालकांच्या बाजूने लिहिलेल्या, 1936 मध्ये आलेल्या कादंबरीवरचा. अहो, मग मोगलांचा इतिहास पण 'मुगल-ए-आझम' बघून शिकू या ना.

ठीक आहे, सिनेमाच पुरावा धरू. मॅमीचं काम केलंय हॅटी मॅकडॅनियलने. तिचे आईवडील दोघेही गुलामीत जन्मलेले. आणि वडील हेन्री मॅकडॅनियल हे त्याच सिव्हिल वॉरमध्ये उत्तरेच्या बाजूने, ब्लॅक सैनिकांच्या पलटणीतून लढले होते. मालकिणीला न सोडणारी 'सुखी' गुलाम पडद्यावर जिने उभी केली तिचा बाप त्या मालकांविरुद्ध बंदूक घेऊन उभा होता! हे फॉरवर्डवाल्याला माहीत नसणार, किंवा माहीत असून गिळलं असणार.

पुढचं ऐका. सिनेमाचा प्रीमियर 15 डिसेंबर 1939 ला अटलांटात, लोज ग्रँड थिएटरमध्ये. गावभर दक्षिणेचे झेंडे, दक्षिणेच्या सैन्यातले जख्ख म्हातारे सैनिक खास पाहुणे म्हणून बोलावलेले. हॅटी मॅकडॅनियल मात्र नाही, कारण जॉर्जियात गोऱ्यांच्या थिएटरमध्ये ब्लॅक माणसाने बसायचं नाही असा कायदा, मग ती सिनेमातली नटी असो नाहीतर कोणी असो. आदल्या रात्री मोठा बॉल झाला, जुन्या मळ्याचा देखावा उभारला आणि त्याच्यापुढे एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चची ब्लॅक गायकमंडळी गुलामांच्या वेषात उभी करून त्यांच्याकडून भजनं गाऊन घेतली, समोर सगळे गोरे प्रेक्षक. त्या गाणाऱ्यांत पाद्रीबाबांचा दहा वर्षांचा मुलगा होता, मार्टिन ल्यूथर किंग. हो, तेच. 'सुखी गुलाम' ही गोष्ट तेव्हा अशी स्टेज करून दाखवावी लागत होती, आणि आज आपण तीच गोष्ट लाल बोटं लावून पुढे ढकलतोय.

नंतर हॅटीला ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळवणारी पहिली ब्लॅक कलाकार. त्या समारंभातही तिला बाकीच्या कलाकारांबरोबर बसवलं नव्हतं, वेगळं टेबल, हॉलच्या कडेला. घरच्यासारखं वागवत म्हणे.

आणि अजून एक. 1936 ते 38 मध्ये अमेरिकन सरकारच्या एका योजनेत लेखकांना गावोगाव पाठवून पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून जास्त म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती लिहून घेतल्या होत्या. म्हणजे सिनेमाची तयारी चालू होती त्याच काळात ही माणसं जिवंत होती, बोलत होती, विकलेली भावंडं, चाबूक, सगळं सांगत होती. त्यातल्या काही जणांनी मालक बरा होता असंही सांगितलंय, नाही असं नाही, मुलाखत घेणारा बहुतेक वेळा गोरा आणि गाव तेच असेल तर माणूस दुसरं काय सांगणार. पण 'आनंदात होते' हे त्या कागदांतून कोणाला काढायचं असेल तर डोळे उघडे नाही, मिटून घ्यावे लागतील.

आता पहिला मुद्दा, ज्यावर बाकी सगळी इमारत उभी आहे. "युद्ध गुलामगिरीवरून नव्हतंच, टॅक्स आणि राज्यांचे हक्क यावरून होतं, गुलामगिरी हे नंतरचं निमित्त." हे इंग्रजी नेटवर पण वर्षानुवर्षं फिरतंय. याला माझ्या मताची गरजच नाही, दक्षिणेच्या राज्यांनी फुटताना स्वतःच्या सहीने कारणं लिहून ठेवलीत, ती वाचा. मिसिसिपीने 1861 च्या जानेवारीत जाहीरनामा काढला त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, जगातला सगळ्यात मोठा आर्थिक हितसंबंध तोच आहे. लपवाछपवी काही नाही. दक्षिणेच्या नव्या देशाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स 21 मार्च 1861 ला सव्हाना शहरात भरसभेत म्हणाला की आमच्या सरकारचा कोनशिलेचा दगडच हा आहे की निग्रो हा गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था. आता त्यांचाच उपाध्यक्ष सांगतोय तर आपण कोण त्याला "नाही हो, तुम्ही टॅक्ससाठी लढताय" म्हणणारे?

राज्यांच्या हक्कांची गंमत तर विचारू नका. साउथ कॅरोलिनाची लेखी तक्रार अशी, की उत्तरेची राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, स्वतःचे कायदे करून अडवतात. म्हणजे उत्तरेची राज्यं राज्यांचे हक्क वापरत होती त्याचाच यांना राग! आणि यांनी स्वतःची घटना केली त्यात गुलामांवरची मालकी हिरावणारा कायदा करायला मनाईच करून टाकली. टॅक्सचं म्हणाल तर ज्या वाढीव आयात कराचं नाव घेतात त्या कायद्यावर सही झाली 2 मार्च 1861 ला, तोपर्यंत सात राज्यं फुटून गेली होती. उलट त्यांचे सिनेटर उठून गेले म्हणूनच तो पास झाला. दोन तारखा शेजारी ठेवून बघायच्या, बास.

दुसरा मुद्दा माझा सगळ्यात लाडका. "इतिहास जेते लिहितात, म्हणून हॉलिवूडने कायम उत्तरेचीच बाजू दाखवली." जगात एखादं युद्ध दाखवायचं असेल ना, जिथे हरलेल्यांनी इतिहास लिहिला, तर ते हेच! 1915 पासूनची अमेरिकन सिनेमाची पंचवीस वर्षं काढून बघा.

1915 ला डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'बर्थ ऑफ अ नेशन'. तंत्र म्हणून मोठा सिनेमा, फिल्मवाले अजून शिकवतात, मान्य. पण त्यात काय आहे? युद्धानंतर ब्लॅक माणसं निवडून येतात तो सीन बघा, विधानसभेत टेबलावर अनवाणी पाय टाकून बसलेत, लपून दारू पितायत, कोणी हाडूक चघळतंय. मुख्य खलनायकी ब्लॅक पात्रं म्हणजे तोंडाला काळं फासलेले गोरे नट. आणि शेवटी घोड्यावरून पांढरे झगे घालून वाचवायला येतात ते हिरो कोण, तर कू क्लक्स क्लॅन, ब्लॅक लोकांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची गुप्त टोळी. हा सिनेमा व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सनसमोर दाखवला गेला, आणि मूकपट असल्यामुळे मधेमधे येणाऱ्या पाट्यांपैकी काहींवरची वाक्यं खुद्द विल्सनच्याच इतिहासाच्या पुस्तकातून घेतलेली. कुठे आहेत यात जेते?

त्या काळात मूळ क्लॅन मेलेली होती. 1915 च्या नोव्हेंबरात विल्यम सिमन्स नावाच्या माणसाने अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर जाऊन क्रॉस पेटवला आणि ती परत सुरू केली. क्रॉस पेटवणं हे मूळ क्लॅनचं नव्हतंच, ते आलं ज्या कादंबरीवर सिनेमा बेतला होता तिच्यातून. पुढच्याच महिन्यात सिनेमा अटलांटात लागला तेव्हा पेपरात सिनेमाच्या जाहिरातीशेजारी क्लॅनची भरतीची जाहिरात. पडद्यावर बघितलं आणि बाहेर येऊन नाव नोंदवलं. तो स्टोन माउंटन म्हणजे तोच, जिथे आपले सगळे आईबाबा अमेरिकेला गेले की मुलं पिकनिकला नेतात, डोंगरावर घोड्यावरचे तीन जण कोरलेत त्याच्यासमोर फोटो काढतात. ते तिघे म्हणजे दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष डेव्हिस आणि तिचे सेनापती ली आणि जॅक्सन, सगळे हरलेल्या बाजूचे, आणि ते कोरीवकाम पुरं झालं 1972 ला. हरून शंभरावर वर्षं झाल्यावर! आमच्या बाबांचा डीपी तिथलाच आहे, म्हणून जास्त चिडचिड होतेय हे कबूल.

मग 1926 चा बस्टर कीटनचा 'द जनरल'. धमाल सिनेमा, मला अजून आवडतो. मूळ हकीकत उत्तरेच्या सैनिकांनी दक्षिणेची रेल्वे पळवली त्याची, लिहिली होती त्यातल्याच एका उत्तरेच्या सैनिकाने. सिनेमात हिरो कोण? दक्षिणेचा इंजिन ड्रायव्हर. मग 1939, 'गॉन विथ द विंड', मानाची दोन धरून दहा ऑस्कर. कादंबरीत तर हिरॉईनचा नवरा क्लॅनमध्ये आहे असं सरळ लिहिलंय, सिनेमावाल्यांनी क्लॅनचं नाव काढून त्याची नुसती 'राजकीय मीटिंग' करून टाकली. म्हणजे सत्य दडपलं हे बरोबर आहे हो, फक्त कोणाच्या सोयीसाठी ते फॉरवर्डने उलटं सांगितलंय.

दुसरी बाजू मोठ्या पडद्यावर धडपणे यायला 1989 चा 'ग्लोरी' यावा लागला, मॅसॅच्युसेट्सच्या 54व्या पलटणीवरचा, ब्लॅक सैनिकांची पलटण. त्यातला पगाराचा सीन बघा. गोऱ्या सैनिकाला महिना तेरा डॉलर, यांना दहा, त्यातून कपड्याचे तीन कापून हातात सात, आणि पलटण पगार घ्यायलाच नकार देते. हे खरंच घडलंय, महिनोन्महिने त्यांनी पैसे घेतले नाहीत. सिनेमात चुका नाहीत असं नाही, पलटणीत बरेच जण मुळात उत्तरेतले स्वतंत्र ब्लॅक होते, सिनेमा बहुतेकांना पळून आलेले गुलाम दाखवतो. स्पीलबर्गच्या 2012 च्या 'लिंकन'मध्ये पण कनेक्टिकटच्या दोन खासदारांना गुलामगिरीच्या बाजूने मत देताना दाखवलंय, प्रत्यक्षात तिथल्या चारही जणांनी विरोधात दिलं होतं, त्यावरून सिनेमा आल्यावर तिथला एक खासदार चांगलाच भडकला होता. सिनेमा आहे, होतं.

चौथा मुद्दा, "हजारो ब्लॅक सैनिक दक्षिणेकडून स्वखुशीने लढले, 2003 च्या 'गॉड्स अँड जनरल्स'मध्ये दाखवलंय." त्यात जनरल जॅक्सनचा ब्लॅक आचारी आहे, सैनिक नाही. आणि त्याच सीनमध्ये तो देवाला विचारतो की चांगली ख्रिश्चन माणसं आपल्या काळ्या भावांची गुलामी कशी चालवून घेतात. बघितलाय का हो सिनेमा? दक्षिणेच्या काँग्रेसने ब्लॅक सैनिक घ्यायला परवानगी दिली 13 मार्च 1865 ला, लीने शरणागती पत्करली 9 एप्रिलला. करा हिशोब. तेव्हा जॉर्जियाच्या जनरल हॉवेल कॉबने लिहिलं होतं की गुलाम चांगले सैनिक होणार असतील तर आपला गुलामगिरीचा सगळा सिद्धांतच चुकीचा. उत्तरेकडून मात्र पावणेदोन लाखांच्या वर ब्लॅक सैनिक लढले.

पाचवा, युद्धाच्या वेळचा राष्ट्राध्यक्ष लिंकन याच्याबद्दलचा, की त्याला गुलाम सोडवायचेच नव्हते. इथे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. 1862 मध्ये त्याने लिहिलंय की एकही गुलाम न सोडवता देश वाचणार असेल तर तसं करीन. गुलामांना मुक्त करणाऱ्या त्याच्या 1863 च्या घोषणेतून उत्तरेच्या बाजूला राहिलेली गुलामगिरीची राज्यं वगळली होती हेही खरं. तो संत नव्हता, राजकारणी होता. पण "लिंकनकडे स्वतःचे गुलाम होते" ही शुद्ध थाप. उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्याकडे एक होता, तो त्याने 1859 लाच मुक्त केला. आणि उत्तरेची राज्यं लगेच गुलाम सोडवायला निघाली नव्हती यावरून दक्षिण गुलामगिरी टिकवायला लढत नव्हती हे कसं सिद्ध होतं, मला तरी कळलं नाही.

सहावा, "आयरिश लोक पण गुलाम होते." करारावर राबणारे मजूर होते, हाल होते, पण त्यांची पोरं जन्मतः कोणाच्या मालकीची नव्हती. पुढे.

सातव्यात सिनेमावरची बंदी आहे आणि जाता जाता "हे तिकडचं भांडण, आपला काय संबंध" असंही आहे. संबंध नाही? अमेरिकेचा कापूस बंद झाला म्हणून 1861 ते 65 मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच सगळं धाडकन कोसळलं, हे शाळेत नाही का शिकलो? आणि जोतीराव फुल्यांनी 1873 ला 'गुलामगिरी' लिहिलं ते अर्पण कोणाला केलंय? अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या भल्या लोकांना. पुण्यात बसून, ना इंटरनेट ना हॉलिवूड, युद्ध संपून आठच वर्षं झाली होती, आणि जोतीरावांना ते कशावरून झालं हे बरोबर समजलं होतं. घरात त्यांचा फोटो लावायचा आणि ग्रुपवर हे टाकायचं, दोन्ही कसं चालेल बाबा?

राहिली बंदी. "2020 मध्ये अमेरिकेने 'गॉन विथ द विंड'वर बंदी घातली." अमेरिकेने काही घातली नाही. एका स्ट्रीमिंग कंपनीने जूनमध्ये काढला आणि दोनेक आठवड्यांत परत लावला, आधी एका सिनेमा अभ्यासक बाईंचं चार-पाच मिनिटांचं निवेदन जोडून, की हे कधीचं आहे आणि यात काय वगळलंय. सिनेमातला एक सीन पण कापलेला नाही. डिस्क मिळते, सगळं मिळतं. बघायचा तर जरूर बघा, जवळपास चार तास काढा. त्याच्या निम्म्या वेळात 'ग्लोरी' होतो, तो आधी बघा.