मागून तेज

घराण्यात फोटोशॉप येणारा मी एकटाच. त्यामुळे वाढदिवस, एकसष्टी, निवड, नियुक्ती, पुण्यस्मरण, काहीही निघालं की माझ्या व्हॉट्सॲपवर फ्लेक्ससाठी एक फोटो येऊन पडतो आणि पाठोपाठ फर्मान सुटतं, "मागून जरा तेज टाक." जरा म्हणजे किती, हे ठरलेलं नसतं. तेज आलं नाही तर मला काही येत नाही, एवढं मात्र ठरलेलं असतं.

तेजाची हौस जुनी आहे, नाही असं नाही. गांधार शैलीतल्या बुद्धाच्या डोक्यामागे दगडात कोरलेलं प्रभामंडळ आहे. आपल्या देवळांत मूर्तीमागे पितळेची, चांदीची प्रभावळ असते. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातून देवदेवतांची चित्रं निघाली आणि घरोघरच्या भिंतींवर जाऊन बसली. पण पूर्वी प्रभावळ मिळायला निदान देव तरी असावं लागे. आता ती चौरस फुटाच्या दराने मिळते.

यंदा मामांची एकसष्टी होती. मामांनी पाठवलेला फोटो पांढऱ्या भिंतीपुढचा. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर काही नाही. हे शेवटचं माझ्या पथ्यावर पडलं. तेज द्यायचं तर आधी माणूस फोटोतून कातरून काढावा लागतो आणि सगळा जीव जातो तो केसांत. एकेक बट निवडत बसावं लागतं. मामांच्या बाबतीत देवानेच माझं अर्धं काम करून ठेवलेलं. कानावरचे चार केस आडवे आले, तेही मी मामींना विचारून काढून टाकले.

खरं भांडण सुरू झालं ते पार्श्वभूमीवरून. त्याचं असं आहे की, तेज द्यायला जो 'स्क्रीन' नावाचा मोड वापरतात, तो खालच्या रंगावर उजेडाची भर घालतो. खाली काळं असेल तर उजेड झगमगतो. खाली पांढरं असेल तर पांढऱ्याचं आणखी पांढरं काय होणार? म्हणून मी मामांच्या मागे छान काळोख केला आणि त्यातून सोनेरी प्रकाश काढला. माझ्या मते ते माझं आजवरचं सर्वोत्तम काम होतं.

"काळं?" मामा फोनवर ओरडले. "अरे, एकसष्टी आहे माझी, तेरावा नाही!"

मग निळा केला. निळ्याने एक पक्ष होतो. भगव्याने दुसरा, हिरव्याने तिसरा. गावात निवडणूक तोंडावर, आणि मामांना सगळ्यांकडून हार हवे होते. शेवटी "मंगल दिसतो" म्हणून पिवळा ठरला. पिवळ्यावर पिवळं तेज! ते कुठे आहे हे मला ठाऊक होतं, कारण मीच ते टाकलं होतं. मामांना दिसेना. खूप घासाघीस करून आम्ही गर्द चॉकलेटीवर तह केला. चॉकलेटी रंगाचा पक्ष अजून निघालेला नाही.

दुसरी अडचण म्हणजे मागून उजेड येतोय तर तो कानाच्या कडेला, गालाच्या कडेला लागायला हवा. मामांचा फोटो समोरून फ्लॅश मारून काढलेला. म्हणजे तोंडावर एक सूर्य आणि पाठीमागे दुसरा. मी 'कलर डॉज'चा मऊ ब्रश घेऊन गालाची कड हळूहळू उजळली. मामींनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पावडर नीट पुसत नाहीत, तेवढी पूस."

फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली. थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांनी ते घडवलं, आणि यातला जॉन सिनेमातल्या करामती करणाऱ्या 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक'मध्ये कामाला होता. लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले आणि सुटे सुटे बदलता येणारे थर, आल्या १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधीची चार वर्षं लोकांनी कशी काढली असतील, हा विचार मला रात्री छळतो. मामा एकदा "नको" म्हणाले की सगळं मुळापासून!

तर तेज झालं. मग शुभेच्छुक आले. खालच्या ओळीत भाचे, पुतणे, मित्रमंडळ, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात, मानाने, गोलात, मामांचे व्याही. व्याह्यांचा निरोप आला की आम्हालाही थोडं मागून द्या. व्याह्यांना दिलं म्हटल्यावर भाच्यांनाही हवं झालं. सगळेच उजळले तेव्हा मामा विझल्यासारखे दिसू लागले.

"माझं वाढव," मामा म्हणाले.

"मामा, संपलं. आउटर ग्लोची साइज २५० पिक्सेलच्या पुढे जात नाही."

"मग व्याह्यांचं कमी कर."

व्याह्यांचं ४० वर आणलं. भाचे १५. मीही भाचाच, म्हणून मलाही १५.

छपाईला देताना मी मामांना सांगून ठेवलं होतं की कॉम्प्युटरची स्क्रीन स्वतः उजेड फेकते, फ्लेक्स फेकत नाही. तिथे निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चारच शाया. पांढरी शाई नसतेच, पांढरं म्हणजे फ्लेक्सचं कोरं अंग. थोडक्यात, मामांच्या डोक्यामागचं ते दिव्य तेज म्हणजे जिथे शाई कमी लागली ती जागा. मामांनी यातलं "शाई कमी" एवढंच ऐकलं आणि दुकानदाराकडे पैसे कमी करायला सांगितले. त्याने केले, आणि फ्लेक्सही पातळातला दिला.

तो नाक्यावर बांबू रोवून बांधला. दिवसा बरा दिसला. तेज थोडं हळद सांडल्यासारखं दिसत होतं, पण होतं. दिवेलागणीला मामांचा फोन.

"व्याह्यांचं परत कुणी वाढवलं?"

"कुणी नाही, मामा. ४० च आहे."

"४० काय, माणूस पेटलाय नुसता! लोक आधी त्यांनाच नमस्कार करतायत."

जाऊन पाहिलं. फ्लेक्सच्या मागे ग्रामपंचायतीचा हॅलोजन लागला होता, आणि पातळ फ्लेक्समधून तो नेमका डाव्या कोपऱ्यात, व्याह्यांच्या डोक्यामागे उगवला होता. मी मामांना कारण समजावून सांगितलं. ते जरा वेळ हॅलोजनकडे आणि मग स्वतःकडे बघत राहिले.

"बांबू उपटायला किती पोरं लागतील?" त्यांनी विचारलं. "अख्खा फ्लेक्स सहा फूट डावीकडे घ्यायचाय."