प्रबोधनाचं खापर आणि पॅरिसचं कर्ज

नमस्कार. युरोपच्या प्रबोधनाने, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या बुद्धिवादी विचारांच्या लाटेने, वसाहतींना नवी सबब पुरवली, या माझ्या म्हणण्यावर सवडीने, मुद्द्याला धरून लिहिलंत, बरं वाटलं. तुमचे आक्षेप दोन. कोलंबस निघाला १४९२ मध्ये, युरोपातलं प्रबोधन उजाडलं दोनशे वर्षांनी, मग वसाहतींचं खापर विचारवंतांच्या डोक्यावर का? आणि प्रबोधन नसतं तर जोतीरावांच्या हाती माणसाच्या हक्कांवर लिहिणारा टॉमस पेन कुठून आला असता?

पहिला आक्षेप तारखांपुरता बिनतोड आहे. पण वसाहती प्रबोधनाने काढल्या असं मी म्हटलंच नव्हतं. मी बोललो सबबीबद्दल. आधी ‘ख्रिस्ताकडे नेतो’ एवढं पुरायचं, पुढे ‘अजून सज्ञान झाले नाहीत’ हे आलं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८२३ पासून पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी केली. ती सुटल्यावर, १८५९ मध्ये, त्याचं स्वातंत्र्यावरचं पुस्तक आलं. त्यात पहिल्याच प्रकरणात पाचर: रानटी लोकांवर हुकूमशाही रास्त, फक्त हेतू त्यांच्या सुधारणेचा हवा. आता सुधारणा झाली की नाही, हे सांगणार कोण? कचेरीच ना!

एक चूक मात्र कबूल. जर्मन तत्त्वज्ञ कांटचा वंशांवरचा १७७५ चा निबंध तेवढा मी पुढे केला. १७९५ च्या शांततेवरच्या पुस्तिकेत तोच कांट, व्यापाराच्या मिषाने हिंदुस्थानात फौजा घुसवल्याबद्दल युरोपीयांना झोडपतो. ते गाळायला नको होतं.

जोतीरावांचं म्हणाल, तर श्रेय पेनला द्याच, पण वाचणाऱ्यालाही द्या. पेन लंडनमध्येही पुष्कळांनी वाचला होता. त्यातून ‘गुलामगिरी’ लिहिली ती पुण्यातल्या माणसाने.

आणि हैती. १७८९ मध्ये पॅरिसने जाहीर केलं की माणसं जन्मतः स्वतंत्र असतात. तेव्हा सां-दोमिंग, म्हणजे आजचं हैती, या कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच वसाहतीत, मुख्यतः साखर-कॉफीच्या मळ्यांवर, सुमारे पाच लाख गुलाम होते. जाहीरनामा त्यांना लागू झालाच नाही. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी मळे पेटवले, तेव्हा कुठे १७९४ मध्ये पॅरिसने गुलामी रद्द केली. १८०२ मध्ये नेपोलियनने ती परत आणायचा घाट घातला. त्याची फौज हरली आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झालं. ‘सगळी माणसं’ या शब्दांचा खरा अर्थ मला तरी तिथे दिसतो, पॅरिसमध्ये नाही.

पुढचं फार कमी लोक सांगतात. १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून पंधरा कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांचं नुकसान भरून द्यायला. १८३८ मध्ये रक्कम नऊ कोटींवर आली. पहिला हप्ता भरायला हैतीने कर्ज काढलं, तेही पॅरिसच्याच बँकवाल्यांकडून.