वनहक्क दिले की जंगल संपतं?

“सामूहिक वनहक्क म्हणजे आदिवासींना जंगलाचा सातबारा. ते तोडून विकतील. त्यांच्यात शास्त्र जाणणारं कोणी नाही, आणि शिकलेल्या पोराचं या कामात पोट भरत नाही.” हा मजकूर सतत फिरतो. एकेक विधान बघू.

सातबारा? 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(4) सांगतं की हा हक्क वारशाने मिळतो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर हक्क मिळाला. तो ग्रामसभेला मिळाला, कुणा एकाला नाही.

तोडून विकतील? बांबू विकतात, उघडपणे विकतात. कायद्याने तो गौण वनोपज आहे, म्हणजे इमारती लाकूड नव्हे. हक्क मिळूनही मेंढ्याच्या हाती वाहतूक परवान्याची पुस्तिका पडायला एप्रिल 2011 उजाडला. 2012 च्या सुधारित नियमांनी परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे दिला. जंगलाला धोका आहे तो इथे: सही करून कोरे परवाने व्यापाऱ्याकडे सोपवले, तर किती माल गेला याचा हिशेबच उरत नाही. म्हणून गाडी क्रमांक, नग आणि ठिकाण भरल्याशिवाय पान फाडायचं नाही, आणि स्थळप्रत ग्रामसभेत वाचून दाखवायची.

शास्त्राचं म्हणाल तर ते रांजीत, म्हणजे बांबूच्या बेटात, उतरून बघावं लागतं. यंदाच्या काठीवर आवरणं घट्ट असतात, तिला हात लावायचा नाही. मागच्या वर्षीचीही ठेवायची. त्याहून जुनी, आवरणं झडलेली काठीच तोडीला योग्य. शिवाय जुन्या काठ्याही नव्या कोंबांच्या संख्येइतक्या राखायच्या, कारण पुढच्या वास्त्यांना (नव्या कोंबांना) अन्न आणि आधार त्यांच्याकडूनच मिळतो. तोड जमिनीपासून वीतभर उंच, पेराच्या गाठीला लागून वर. गाठीपासून लांब कापलं तर पोकळीत पाणी साचून खुंट कुजतो. मजूर सोप्या म्हणून बाहेरच्या कोवळ्या काठ्या घेतात आणि मधल्या जुन्या तशाच राहतात. मग रांजी आतून गच्च होते, काठ्या वाकड्या येतात. यावर उपाय घोड्याच्या नालेच्या आकाराची तोड: एका बाजूने आत शिरायचं, मधलं जुनं काढायचं, बाहेरचं कडं शाबूत ठेवायचं. पावसाळ्यात कोंब येत असताना तोड बंद. ठेकेदाराच्या करारात हे कलम नसेल तर नंतर भांडून उपयोग नाही.

तेंदूचंही, म्हणजे विडीच्या पानांचंही, तसंच. पालवी लवकर फुटावी म्हणून आग लावली की लहान रोपांबरोबर बांबूच्या कोवळ्या काठ्याही जळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची बेणकटाई (छाटणी) केली तर आगीची गरज पडत नाही.

आता पोटाचा प्रश्न. सीमा जीपीएसने आखणं, नमुना प्लॉटमधल्या रांजी मोजणं, व्यवस्थापन आराखडा लिहिणं, लिलावाच्या अटी आणि हिशेबवही ठेवणं ही पूर्णवेळ नोकरी आहे, आणि ती त्याच गावच्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला करता येते. झाडांची गोंडी नावं आणि गावातली कुटुंबं दोन्ही त्यांना ठाऊक असतात. मेंढ्याचे ग्रामनेते देवाजी तोफांनी तर गावाच्या जंगलहक्काच्या कामाला आयुष्य दिलं. अडचण खरी आहे ती एवढीच: पैसा हंगामी येतो. तेंदूचा मे महिन्यात, तोही गारपीट झाली तर घटतो. त्यामुळे बांबूचा पैसा जमा होताच बारा महिन्यांचा पगार वेगळ्या खात्यात बाजूला काढावा, आणि वाटप त्यानंतर करावं.