गच्चीवरची वेधशाळा

अमेरिकेत माउंट वॉशिंग्टन नावाचा १,९१७ मीटरचा डोंगर आहे. माथ्यावर वेधशाळा. १२ एप्रिल १९३४ ला तिथं ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला होता. आजवरचं कमाल तापमान म्हणाल तर २२ अंश. एका शिक्षकानं तिथं नोंदी घेत उन्हाळ्याची सुटी काढली, असं वाचलं आणि माझ्यातला भूगोलाचा मास्तर पेटला. मे महिन्यात नागपुरात पेटायला तसंही फार काही लागत नाही.

बावीस वर्षं मी फळ्यावर स्टीव्हन्सन पेटी, म्हणजे तापमापी सावलीत ठेवायची झडपांची पांढरी पेटी, काढतोय. हात कधी लावला नव्हता. जुन्या खिडकीच्या झडपा सुताराकडून ठोकून घेतल्या, पांढरा रंग मारला आणि त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या दुमजली शिखरावर वेधशाळा उभी केली. (पेटी खरं तर गवतावर हवी. मे महिन्यात गवत?)

शेजारचे काका भिंतीवरून डोकावले. "काय करून राहिले मास्तर? कबुतरं पाळता का?"

"तापमान मोजतोय."

"त्याले पेटी कायले पायजे? चप्पल काढा ना."

नोंदी सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला घ्यायच्या. मी हौसेनं दुपारची अडीचचीही घेऊ लागलो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. त्या डोंगरावरची माणसं यंत्रांवर साचलेला बर्फ ठोकून काढतात. मी ओल्या तापमापीच्या वाटीतलं पाणी पिणाऱ्या चिमण्या हाकलत होतो. कोरडी तापमापी ४४, मलमल गुंडाळलेली ओली २४. वीस अंशांचा फरक! पाणी उडताना उष्णता शोषून घेतं, म्हणूनच आपला कूलर चालतो, हे मी बायकोला उत्साहानं समजावलं.

"अहो, मग त्या कूलरमध्ये पाणी भरा ना आधी," ती म्हणाली आणि कुरडयांचं ताट माझ्या पेटीवर ठेवून गेली.

नवतपाच्या, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या, दुसऱ्या दिवशी पारा ४९.६ वर गेला. शहराचा विक्रम २०१३ च्या मे महिन्यातला, ४७.९. मी तो थरथरत्या हातानं मोडला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. अभिनंदनं आली. दोघांनी गावाला जायची तिकिटंही काढली.

संध्याकाळी सातवीतला एक पोट्टा चेंडू शोधत वर आला.

"सर, पेटीचं दार उत्तरेले पायजे ना? तुमीच त शिकवलं."

दार दक्षिणेला होतं, म्हणजे ऊन आत यायच्या बाजूला. उत्तरेला पाण्याची टाकी, उघडणार कुठं? पण मास्तर असा सापडत नाही. मी म्हटलं, "बाळा, मेअखेरीस दुपारी सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर येतो. सावली पायाखाली जाते. आत्ता दार कुठंही असलं तरी दुपारी फरक पडत नाही."

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ते बरोबर आहे सर. पण काकांच्या एसीची गरम हवा सारी आपल्या डब्ब्यात घुसून राहिली."

वळून पाहिलं. भिंतीपलीकडं काकांच्या नव्या एसीचं बाहेरचं खोकं माझ्या पेटीच्या तोंडावर भसाभसा फुंकत होतं.

२०२४ मध्ये इथल्याच एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, तेव्हा सेन्सर बिघडला होता असं सांगता तरी आलं. माझ्याकडं सेन्सरच नव्हता.

बायकोनं मात्र एक शब्द काढला नाही. कुरडयांचं ताट उचललं आणि त्या खोक्यासमोर नेऊन ठेवलं. तासाभरात खडखडीत वाळल्या.