हाड!

आज सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली उतरलो, तर बी विंगमधल्या काकूंनी लिफ्टपाशीच गाठलं. "काय हो, सर्दी गेली का? तुमच्या शिंकेनं म्हणे जंगलातली सगळी हरणं पळाली!"

मी दात दाखवले. हसलो नाही, नुसते दात दाखवले.

झालं ते असं. बुद्ध पौर्णिमेची रात्र, भीमाशंकरचं अभयारण्य, प्राणिगणना, पाणवठ्याजवळचं मचाण आणि त्यावर दोन स्वयंसेवक. एक मी, दुसरे आमच्या सोसायटीतले निवृत्त काका. काकांना मीच घेऊन गेलो होतो. तेवढा गुन्हा कबूल आहे.

मी बरीच तयारी केली होती. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि हरणाला पत्ता लागू न देता मचाण गाठायची विद्या पेन्शनीत निघाली. अमेरिकेत ती अजून नोकरीत आहे. तिथले शिकारी पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी झाडावर बसतात आणि बसण्यापेक्षा जास्त डोकं जाण्या-येण्याच्या वाटेवर चालवतात. वारा हरणाकडून आपल्याकडे यायला हवा. डोंगरात संध्याकाळी हवा गार होऊन उतारानं खाली वाहते, म्हणून तेव्हा खालून वर जायचं. ऊन चढलं की हवाही वर चढते, तेव्हा वरून खाली यायचं. हरणांची रोजची पायवाट ओलांडायची नाही. काही जण तर आधीच जाऊन वाटेवरचा पालापाचोळा झाडून ठेवतात, म्हणजे अंधारात पाऊल वाजत नाही.

हे सगळं मी काकांना गाडीत समजावून सांगितलं. मंचर येईपर्यंत ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे अंगण झाडतात. आमची आई रोज झाडायची. तिनं कधी हरीण मारलं नाही."

वासाचा धडा मी स्वतःवर गिरवला होता. दोन दिवस साबण नाही, डिओ नाही, कपडे नुसत्या पाण्यातून काढलेले. बायको म्हणाली, हरणांचं माहीत नाही, मी मात्र माहेरी चालले. काका आले ते निळ्याभोर जाकिटात, मानेला बाम चोपडून आणि हातापायांना डासांचं मलम थापून. हरणांना लाल-केशरी धड दिसत नाही, म्हणून तर अमेरिकेतले शिकारी केशरी जाकिटं घालतात. एकमेकांना दिसावं आणि हरणाला कळू नये. निळा मात्र हरणांना चांगला दिसतो. "रात्री कुठला आलाय रंग?" काका म्हणाले. विषय संपला.

वनरक्षकानं जीप मचाणाला अगदी खेटून लावली, इंजिन चालू ठेवूनच. ही जुनी युक्ती आहे. गाडी आली आणि गेली, एवढंच जनावर ऐकतं. त्यातून दोघं कमी झाले हा हिशेब त्याला लागत नाही. मी मांजरासारखा शिडी चढलो. काका निम्म्या शिडीवर थांबले, वळले आणि निघालेल्या जीपमागे ओरडले, "सकाळी सहाला बरं का! सव्वासहा नको!"

हिशेब लागला. अख्ख्या खोऱ्याला लागला.

काकांची कुजबूज म्हणजे काय चीज आहे, ते सांगितलं पाहिजे. साधं बोलताना त्यांचा आवाज बरा असतो. कुजबुजताना ते शब्दावर एवढा जोर देतात, की तो बाण सुटल्यासारखा सुटतो. त्या कुजबुजीत आठ ते दहा मी आमच्या इमारतीचा पुनर्विकास ऐकला. कार्पेट किती, बिल्डर देतो किती, सेक्रेटरीचा मेहुणा कोण. मधूनमधून बाकरवडीची पिशवी वाजत होती. ती पिशवी एकदाच उघडून ठेवता येते, हे मी दोनदा सुचवलं. "सादळते रे," असं म्हणून ते दर वेळी तिला नव्यानं गाठ मारत होते.

साडेदहाला चंद्र चांगला वर आला, आणि डाव्या हाताच्या कारवीतून आवाज आला. भॉक्!

माझ्या अंगावर काटा आला.

"कुत्रं आलंय," काका म्हणाले.

"काका, भेकर आहे. हरीण असतं ते. धोका वाटला की भुंकतं."

"मला कुत्रं कळत नाही? अठ्ठावीस वर्षं पर्वतीच्या पायथ्याशी राहिलोय."

"काका, हळू. त्याला आपला वास लागलाय."

"वास? कसला वास?" काकांनी बामाच्या बाटलीचं झाकण लावलं.

भॉक्! आता आणखी जवळून. काका गुडघ्यांवर उभे राहिले, मचाणाच्या कठड्यावरून पुढे वाकले आणि त्यांनी टाळी वाजवली. "हाड! हाड रे! हाड्!"

मी त्यांचं जाकीट मागून धरलं. माणूस पडू नये म्हणून धरलं, की ढकलायचा मोह आवरावा म्हणून, ते आजही नक्की सांगता येणार नाही.

"अभयारण्यात भटकी कुत्री," काका खाली बसत म्हणाले. "महापालिका काय करते?"

"इथे महापालिका नाहीये काका."

"तेच म्हणतोय मी."

भेकर पुढची वीस मिनिटं भुंकत राहिलं. ते पेटलं की तासभरही भुंकू शकतं. त्याचं ऐकून वरच्या अंगाला एका सांबरानं 'ढांक' केलं. काकांनी घड्याळ पाहिलं. "रात्री अकराला हॉर्न! लोकांना लाज नाही."

मी खरं तर हरणांसाठी गेलो नव्हतो. एक रात्र शांत मिळावी म्हणून गेलो होतो. आमच्या गल्लीत लग्नाचा डीजे, मांडवाचा डीजे, रिव्हर्स घेताना गाणं म्हणणाऱ्या गाड्या, आणि मोबाइलवर समोरच्याचंही बोलणं सगळ्यांना ऐकवणारी माणसं आहेत. पावसाळ्यातल्या रविवारी हीच माणसं स्पीकर खांद्यावर घेऊन धबधब्याखाली उभी असतात. धबधब्याचा आवाज त्यांना पुरत नाही. कुणाला हळू बोला म्हणालो, की तो माझ्याकडे मी त्याचं पाकीट मारल्यासारखं बघतो. वर्षातून एक रात्र मागितली होती. असो.

शिंक तीनला आली. एकच. उपरण्यात तोंड खुपसून, बामाच्या वाफेमुळे. तेव्हा चार तास पाणवठ्यावर बेडूकसुद्धा फिरकला नव्हता. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! घालवलंस ना सगळं!"

मग ते झोपले.

परतीचाही नियम असतो. जनावर समोर असेल तर मचाणावरून उतरायचंच नाही. त्याला माणूस उतरताना दिसला, की ते मचाण त्याच्या कायमचं लक्षात राहतं. जीप येऊ द्यायची, जनावर जीपला बिचकून जाऊ द्यायचं, मग उतरायचं. बिल जीपच्या नावावर.

साडेपाचनंतर फटफटलं आणि ते आलं. कमरेएवढंही उंच नाही, विटकरी रंग, पाठ किंचित वाकलेली. दोन तोकडी शिंगं, खाली केसाळ खुंटांवर बसवलेली, आणि त्या खुंटांपासून कपाळावर उतरलेल्या दोन काळ्या रेघा. एकेक पाय उचलून, थांबून, पुन्हा उचलून ते पाण्याशी आलं. काका घोरत होते. प्रत्येक घोरण्याला त्याचा एक कान आमच्याकडे वळायचा आणि पुन्हा फिरायचा. घोरण्याला ते बुजलं नाही. मी श्वास धरून बसलो. ते पाणी प्यायला लागलं. जिभेचा आवाज वरपर्यंत येत होता. लप्, लप्.

पावणेसहाला काकांच्या मोबाइलवर भूपाळी लागली.

पाण्यावर नुसते तरंग उरले. काका डोळे चोळत उठले. "आलं का काही?"

"आलं होतं."

"कुत्रंच ना?"

जीप सव्वासहाला आली. गणनेचा तक्ता काकांनीच भरला, त्यांचं अक्षर चांगलं आहे म्हणून. गोल, टपोरं, एकही खाडाखोड नाही. भटके कुत्रे: १. वाहन: १. शेरा: सहकाऱ्यास सर्दी होती.

काका सव्वासहावरून ड्रायव्हरला बोलत होते आणि मला घरी जायचं होतं. खाली सही माझीही आहे.